कॅथलिक माध्यमिक शाळेत नव्या वर्षाची सुरुवात: एका मुख्याध्यापिका सिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर

सिस्टर, आपल्या प्रश्नाचा सारांश असा. मे महिन्यात दुसऱ्या राज्यातून आपली बदली जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी झाली आणि पाचवी ते दहावीच्या अनुदानित मराठी शाळेची सूत्रे आपण घेतली. शाळेत कॅथलिक मुले दहात एखादे, शिक्षकांत तर दोघेच. १५ जूनला शाळा उघडण्यापूर्वी आपल्याला ठरवायचे आहे की वर्षाचा आरंभ सर्व शाळेच्या मिस्सेने (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनाविधीने) करावा किंवा नाही, पहिल्या काही दिवसांत कोणती कामे हाती घ्यावीत, आणि ही शाळा कॅथलिक आहे हे मुलांना व पालकांना कशातून दिसावे.

मी याच धर्मप्रांतातील शाळांत एकतीस वर्षे काम केले आणि त्यांतील शेवटची बारा वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढली; त्या बळावर हे उत्तर देत आहे. मिस्सेचा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारला असला तरी मी त्याकडे थोड्या वेळाने येणार आहे, कारण आपल्या भागातील पालकाची शाळेशी पहिली गाठ पडते ती प्रवेशाच्या टेबलाशी, आणि ही शाळा कशी आहे याविषयीचे त्याचे मत बहुधा तिथेच ठरून जाते.

तत्पूर्वी एक रूक्ष काम उरकून घ्या. चार्ज यादीवर सही करण्याआधी यादीतील प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: जनरल रजिस्टरचे (विद्यार्थ्यांच्या प्रवेश-नोंदवहीचे) सर्व खंड, दाखल्यांची पुस्तके व स्थळप्रती, कॅश बुक, डेड स्टॉक रजिस्टर, कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके, अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र, आणि हल्ली ज्यांच्यावाचून पानही हलत नाही ते यू-डायस, सरल (विद्यार्थ्यांची व शाळेची माहिती) व शालार्थ (कर्मचाऱ्यांचे पगार) या शासकीय पोर्टलांचे पासवर्ड. हे पासवर्ड पुष्कळदा एकाच लिपिकाच्या मोबाइलमध्ये असतात आणि तो लिपिक लग्नसराईत गावाकडे गेलेला असतो, म्हणून हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यावर टाकू नये.

आता प्रवेशाकडे येतो. आपल्याकडे नवी मुले मुख्यतः दोन वर्गांत येतात: जिल्हा परिषदेची शाळा जिथे चौथीपर्यंत आहे तिथली पाचवीत आणि जिथे सातवीपर्यंत आहे तिथली आठवीत. या दिवसांत मृग लागलेला असतो. पाऊस झाला असेल तर बाप पेरणीत असतो, झाला नसेल तर आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि हातातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. प्रवेशाला त्यामुळे आई, आजी किंवा मोठी बहीण येते आणि तिच्या पिशवीत सगळे कागद नसतात. अशा बाईला ‘कागद पुरे करून उद्या या’ असे सांगणे म्हणजे तिची आणखी एका दिवसाची मजुरी बुडवणे आहे. दाखला नसेल तर मुलाला वर्गात बसवावे, पालकाकडून साधे लेखी निवेदन घ्यावे आणि दाखल्याची मागणी आपण स्वतः जुन्या शाळेकडे करावी. यू-डायसवरही ते मूल जुन्या शाळेकडून आपल्याकडे घ्यावेच लागते, तेव्हा तो पत्रव्यवहार चुकत नाही. अल्पसंख्याक शाळांना २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे, आणि कार्यालयातले कोणीतरी तो आपल्याला ऐकवीलच. तो आपल्या संस्थेच्या स्वायत्ततेसाठी आहे. दारात उभ्या असलेल्या आजीला परत पाठवण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये. देणगीचा विषय तर या टेबलावर निघताच कामा नये. चर्चच्या बांधकामाची किंवा शाळेच्या जयंतीची पावती प्रवेशाच्या वेळी फाडली गेली, तर ती ऐच्छिक होती हे नंतर कोणालाही पटत नाही. शिवाय कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ पासून आहेच.

जनरल रजिस्टरविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बाहेरून आलेल्या मुख्याध्यापकाकडून इथेच न कळत मोठी चूक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांनी घोगरगावच्या परिसरात काम सुरू केले. पुढे १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या काळात ख्रिस्तसभेत आलेली मराठवाड्यातील कुटुंबे बहुतांशी पूर्वीच्या महार व मांग समाजांतली आहेत. एकाच घरात एक भाऊ ख्रिस्ती, दुसरा हिंदू आणि चुलता बौद्ध, असे चित्र आपल्याला ठिकठिकाणी दिसेल. आडनाव एक, वाडा एक, नाताळ आणि पोळा दोन्ही सगळ्यांचे. आता कायदा असा आहे की संविधान (अनुसूचित जाती) आदेश १९५० नुसार, १९५६ व १९९० च्या दुरुस्त्या धरून, हिंदू, शीख किंवा बौद्ध यांवाचून अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानले जात नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात गणले जाते. याचा अर्थ धर्म व जात या रकान्यात लिहिलेल्या दोन शब्दांवर त्या मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुढील प्रवेश आणि नोकरी हे सारे अवलंबून असते, आणि वीस वर्षांनी जात पडताळणी समिती पुरावा मागते तेव्हा याच रजिस्टरचा उतारा मागते.

मी शिक्षक असताना एका शाळेत असा प्रकार पाहिला. मांग समाजातील एक हिंदू कुटुंब दर रविवारी चर्चमध्ये येत असे. बाप्तिस्मा कोणाचाही झालेला नव्हता, पण लिपिकाने ओळखीच्या भरात मुलाच्या नावापुढे ‘ख्रिश्चन’ लिहून टाकले आणि वर्गशिक्षकाने, म्हणजे मीच, ते वाचून पाहिले नाही. मुलगा बारावी होऊन पडताळणीसाठी गेला तेव्हा त्या एका शब्दापायी त्याला कितीतरी हेलपाटे पडले आणि एक वर्ष हातचे गेले. याच्या उलट, ख्रिस्ती कुटुंबाच्या मुलापुढे सवलत मिळावी म्हणून ‘हिंदू’ लिहिण्याची विनंतीही आपल्याकडे येईल. तीही मान्य करता येत नाही, कारण ते खोटे आहे आणि पुढे बाहेर पडतेच. नियम साधा ठेवावा: जुन्या दाखल्यावर जे आहे तेच आणि तसेच उतरावे, शंका असेल तिथे पालकाचे लेखी निवेदन व पुरावा घ्यावा, आणि पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक नवी नोंद आपण स्वतः दाखल्याशी ताडून तिच्यासमोर सही करावी. मूल शाळा सोडून गेले की नोंदीतील बदल फार अवघड होतो. त्याच बैठकीत नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते काय हेही पाहून घ्या. संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर करताना, ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात आणि आधार जुळलेली मुलेच मोजतात. जूनमध्ये न जुळलेली पंधरा नावे सप्टेंबरमध्ये एका शिक्षकाचे पद घेऊन जाऊ शकतात.

आता मिस्सेविषयी. शैक्षणिक वर्षाचा आरंभ पवित्र आत्म्याच्या मिस्सेने करण्याची प्रथा जुनी व सुंदर आहे, आणि ती आपण सोडावी असे मी म्हणणार नाही. पण ती सर्व शाळेची करू नये. मुख्याध्यापक झालो त्या पहिल्या वर्षी मी उत्साहाने शाळेच्या पटांगणातच मिस्सा ठेवली होती. पाचवी ते दहावी सगळी मुले रांगेने बसवली, गायनवृंदाला महिनाभर तयार केले. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे केवळ कॅथलिकांनाच द्यायची पवित्र भाकर वाटताना, पुढची रांग उठली, तिच्यामागे दुसरी उठली, आणि पाहुणे फादर मुलांना ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलाचे वडील कार्यालयाच्या दारात उभे राहिले. ते चिडलेले नव्हते. खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि विचारले, “सर, लेकरानं हे घरी आणलं. अर्धं त्यानं खाल्लं. हे काय असतंय?” पुडीत अर्धी होस्तिया, म्हणजे तीच पवित्र भाकर, होती. आपल्या श्रद्धेच्या दृष्टीने ही केवढी गोष्ट आहे हे आपल्याला सांगायला नको, आणि एका पालकाच्या विश्वासाच्या दृष्टीनेही ती तितकीच मोठी होती. दोन्हीकडे दोष माझाच होता.

तेव्हापासून मी मिस्सा चर्चमध्ये ठेवू लागलो: शाळा सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात, शाळेच्या वेळेआधी, कॅथलिक मुले, त्यांचे पालक आणि स्वेच्छेने येणारे शिक्षक यांच्यासाठी. आमचे एक मुस्लिम शिक्षक दरवर्षी येऊन शेवटच्या बाकावर बसत; त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही. २१ जून हा संत अलॉयसियस गोंझागा यांचा दिवस त्यासाठी मला विशेष आवडतो. विद्यार्थ्यांचा आश्रयदाता मानला गेलेला हा तरुण १५९१ मध्ये रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करता करता वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला, आणि ही गोष्ट परिपाठात कोणत्याही धर्माच्या मुलांना सांगता येते. त्याच दिवशी योगदिनाचा कार्यक्रमही असतो, तेव्हा वेळ आधी जुळवून ठेवावी.

कायद्याची बाजूही इथेच सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच संविधानाचा अनुच्छेद २८(३) सांगतो की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेला हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचावेत. धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांसाठी आणि त्याच वेळेत इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा तास, अशी जोडी वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून छापलेली असावी. ‘नंतर बघू’ म्हटले की धर्मशिक्षण गणिताच्या जादा तासात बुडते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये कॅथलिक शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणावी आणि शाळेत सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली असावी असे म्हटले आहे. खोलीची सोय आपल्याकडे लगेच होणार नाही, पण उद्देशिका महाराष्ट्रातील शाळांत आधीपासून म्हटली जाते. परिपाठ सगळ्यांचा आहे, तेव्हा त्यातली प्रार्थनाही सगळ्यांना मनापासून म्हणता येईल अशी निवडा. आषाढीच्या सुमारास मुले दिंडी काढायला परवानगी मागतील. मी ती नेहमी दिली आणि फाटकाशी उभे राहून पाहिली. आपल्या मॅनेजर फादरांना आधी सांगून ठेवले म्हणजे कोणाचा गैरसमज होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात कॅथलिक शाळांनी विशेषकरून गरिबांची, कुटुंबाच्या आधाराला व मायेला पारखी झालेल्यांची आणि श्रद्धेचे दान न लाभलेल्यांची काळजी घ्यावी असे म्हटले आहे. मराठवाड्यात हे तिन्ही वर्णन एकाच मुलाला लागू पडते आणि ते मूल आपल्या पटावर आहे. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. कारखान्याचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल मात्र पावसाळ्यातच घेतलेली असते, म्हणजे कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) जाणार हे घरात फार आधी ठरलेले असते. शाळेला ते कळते नोव्हेंबरमध्ये, बाक रिकामा दिसल्यावर. आपण ते जूनमध्येच विचारावे. प्रवेश-अर्जाच्या किंवा पहिल्या पालकसभेच्या कागदावर एक प्रश्न घाला: “दिवाळीनंतर घरी कोण राहणार?” यातून जी यादी तयार होईल ती वर्गशिक्षकाजवळ, मुख्याध्यापकाजवळ आणि धर्मग्रामाच्या फादरांजवळ असावी. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना ऑगस्टमध्येच शाळेत बोलावून घ्या; हंगामी वसतिगृहाची योजना आपल्या गावात चालते का याची चौकशी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आत्ताच करा; आणि सिस्टरांचे बोर्डिंग असेल तर त्यातल्या काही जागा या यादीसाठी जूनमध्येच राखून ठेवा, कारण पूर्ण शुल्क देणारी मुले आधी येऊन जागा भरून टाकतात. दहावीच्या मुलांबाबत तर अधिक जागरूक राहावे लागते. मंडळाचे परीक्षा अर्ज पहिल्या सत्राच्या अखेरीस भरले जातात आणि लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात असते. फडावर गेलेली दहावीची मुलगी तोंडी परीक्षेसाठी आपणहून परत येईल असे मी कधी गृहीत धरले नाही, आणि जिथे विसरलो तिथे ती आली नाही.

शिक्षकांच्या पहिल्या सभेत नवे नियम जाहीर करू नका, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. सिस्टर व फादर काही वर्षांनी बदलून जातात आणि आपण इथेच राहतो, ही भावना त्या खोलीत असते. ती चुकीचीही नाही. प्रत्येकाला गेल्या वर्षातील आपल्या वर्गाची एक अडचण विचारा, लिहून घ्या, आणि त्यांतील दोन जुलैअखेर सोडवून दाखवा. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण हे सारे ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. दोन कॅथलिक शिक्षकांना स्टाफरूममध्ये आपले खास माणूस करू नका. त्याचा त्रास त्या दोघांनाच होतो. भाषेविषयी संकोच बाळगू नका. इथल्या मुलांना ‘विद्यार्थी मित्रांनो’ म्हटले की ती गप्प बसतात, आणि ‘लेकरांनो’ म्हटले की बोलू लागतात.

सुरक्षेच्या बाबतीत थोडक्यात पण ठामपणे सांगतो. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतील समिती), तक्रारपेटी आणि चाईल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक लावलेला फलक पहिल्या दिवशी जागेवर असावा, आणि तक्रारपेटीची किल्ली आपल्याजवळ नव्हे तर समितीच्या एखाद्या शिक्षिकेजवळ असावी. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मॅनेजर, प्रोव्हिन्शियल (धर्मसंघाच्या प्रांतप्रमुख) किंवा बिशप यांना आधी विचारावे अशी सवय आपल्या संस्थांत असते. या एका बाबतीत ती सवय मोडावी.

वर्षाच्या दिनदर्शिकेत तीन ठिकाणी आताच खूण करून ठेवा. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि ध्वजवंदन एकाच सकाळी येतात. मिस्सेची वेळ फादरांकडून जूनमध्येच ठरवून घ्या, नाहीतर गायनवृंद एकीकडे आणि बँडपथक दुसरीकडे अशी ओढाताण होते. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला आपल्या भागातून पुष्कळ कुटुंबे जातात, काही पायी. त्या दिवसांत चाचणी ठेवू नका. आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन असते, जे आपल्या आधीच्या राज्यात नव्हते.

राहिला पहिला दिवस. प्रवेशोत्सवात फुले, गोड पदार्थ आणि आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तके द्यायची असतातच. भाषण पाच मिनिटांचे पुरे. आपण मात्र घंटेच्या अर्धा तास आधीपासून फाटकाशी उभ्या राहा, आणि हजेरी पहिल्या तासाला न घेता दुसऱ्या तासाला घ्यायला सांगा. सुटीनंतर एसटीच्या फेऱ्या पहिल्या दिवशी क्वचितच वेळेवर येतात आणि लांबच्या वाड्या-तांड्यांवरची मुले त्याच गाडीने येतात. ती आली की त्यांना थेट वर्गात पाठवा आणि त्यांच्या पासचे अर्ज, मुलींच्या मोफत प्रवासाचेही, वर्गशिक्षकाकडून त्याच दिवशी भरून घेऊन एकत्र आगारात पोहोचते करा, म्हणजे पासच्या रांगेत उभे राहण्यासाठी कोणा आईला पुन्हा पेरणी सोडून तालुक्याला यावे लागणार नाही.